डागावर बँक चालत नाही म्हणे

आधी ती खुर्ची पुढे आणा. नाही, पाहुण्यांची नव्हे. शेवटच्या रांगेतली, पाण्याच्या पिंपाशेजारची, जिच्यावर माझी नणंद बसली आहे ती. माणसासकट पुढे आणा म्हणते आहे मी. मघापासून बघते आहे, दारातून कोणीही आलं की तुम्ही "या, पुढे बसा" म्हणता, आणि तिला बघितलं की खांबामागे बोट दाखवता. सकाळी या हॉलच्या खुर्च्या पुसायला ती चालली, व्यासपीठावरच्या टेबलावर ही पांढरी चादर अंथरायला ती चालली, आणि बसायची वेळ आली की खांबामागे? संघाच्या चिटणीसांना मी हे विचारलं तर म्हणाले, ताई, आज नको, आज चांगला दिवस आहे. चांगल्या दिवशी नाही विचारायचं तर काय वाईट दिवसाची वाट बघायची?

ये गं चिमणे. इथे, माझ्यासमोर. पर्स मांडीवर घे आणि ताठ बस.

हं. आता रीतसर सुरू करते.

या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी संघाचे आधारस्तंभ, हार्डवेअरवाले काका. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या बँकेचे निवृत्त होणारे मॅनेजर साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मघापासून पुष्पगुच्छातली पानं मोजणाऱ्या बाईसाहेब. साहेबांच्या खुर्चीवर येणाऱ्या नव्या मॅडम, ज्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. आणि समोर बसलेल्या माझ्या गिऱ्हाइकांनो, त्यांच्या नवऱ्यांनो, जेवणाच्या वासाकडे नाक लावून बसलेल्या सगळ्यांनो, तुम्हाला माझा नमस्कार.

माझी शाळा चौथीत सुटली. तरी हे भाषण मी स्वतः लिहिलं आहे, काल दुपारी, एकीच्या डोक्याला रंग लावून तो चढेपर्यंतच्या वेळात. म्हणून कागदावर रंगाचा डाग पडला आहे. असू दे. डागाचा विषय पुढे यायचाच आहे.

साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोला असं मला सांगितलं होतं. चारच कशाला, मी चाळीस बोलीन. साहेब इथे आले तेव्हा या अख्ख्या रस्त्यावर कार्डाचं मशीन कोणाकडे नव्हतं. बेकरीवाल्याने तर ते बघून विचारलं होतं की यात पाव भाजतात का. साहेब दुकानोदुकानी स्वतः फिरले. माझ्या पार्लरमध्ये तेव्हा पुरुष माणूस पाऊल टाकत नसे; पण साहेब आले, भुवया करायच्या खुर्चीत बसले, मशीन मांडीवर घेतलं आणि मला शिकवलं. कार्ड असं धरायचं, असं घासायचं, आकडे इथे दाबायचे. मी कार्ड उलटंच घासलं. तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, घाबरू नका. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

हे वाक्य ऐकलेलं नाही असा कोणी या हॉलमध्ये आहे का? मागे वळून बघा, फलकावर सोनेरी अक्षरात तेच छापलं आहे. छान दिसतंय. साहेबांनी हे वाक्य प्रत्येकाला सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते गाठीशी बांधलं. तिथेच फसलो. पण थांबा, क्रमाने सांगते.

नव्या मॅडमसाठी थोडं आमच्या पार्लरचं सांगायला हवं. केस, भुवया, रंग हे मी बघते. नखं चिमणी बघते. चिमणी म्हणजे ही, माझी धाकटी नणंद. नखांचा हात असा की बँकेच्या रांगेत कोणाचा हात बघितला तर लोक सांगायचे, हे चिमणीचं काम. आता नखं रंगवली की ती ओली असतात. ओल्या नखांनी पर्स उघडणं म्हणजे केल्या कामावर पाणी. म्हणून आमच्याकडे रीत अशी पडली, की बाई हात पंख्याखाली धरून बसायची, चिमणी तिच्या पर्समधून कार्ड काढायची, घासायची, आणि विचारायची, "ताई, नंबर?" आणि ताई ड्रायरच्या आवाजावर आवाज चढवून नंबर सांगायची. अख्खं पार्लर ऐकायचं. कोणाची लग्नाची तारीख, कोणाच्या मुलाचा वाढदिवस. एकीने सासूच्या वाढदिवसाचा ठेवला होता, तेव्हापासून तिला आम्ही फार मानतो.

हसा. तेव्हा आम्हीही हसायचो. गुप्त नंबर म्हणजे काय हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण पार्लरमध्ये गुप्त राहतं काय? जिथे पिकलेले केस उघडे, तिथे नंबराची काय कथा?

मग मागच्या थंडीत ते झालं. चार-सहा बायकांच्या खात्यातले पैसे गेले. कार्ड जिचं तिच्या पर्समध्ये, आणि पैसे निघाले दुसऱ्या कुठल्या गावातल्या पैशांच्या मशीनमधून, बरोबर नंबर दाबून. कुणाला कळेना. सगळ्या बँकेत धावल्या. साहेबांनी हिशेब लावला तो सरळ होता. नंबर बरोबर दाबला गेला, म्हणजे कोणीतरी सांगितला. यंत्र खोटं बोलत नाही. मग या सगळ्या बायकांचे नंबर ठाऊक असलेलं एकच माणूस कोण?

पोलिसात कोणी गेलं नाही, कारण पुरावा नव्हता. साहेब चिमणीला एक वाईट शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त बँकेच्या काचेच्या दारावर एक सूचना चिकटवली. अजून आहे ती, येताना वाचून आले: "ग्राहकांनी ब्युटी पार्लर व तत्सम ठिकाणी आपला गुप्त क्रमांक तेथील कर्मचाऱ्यांस सांगू नये."

कोणाचं नाव नाही. किती सभ्यपणा. पण या रस्त्यावर पार्लर कितीशी आहेत? आणि त्या पार्लरात कर्मचारी किती?

त्यानंतर चिमणीच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, नखं राहू दे आज, घाईत आहे. घाई असलेल्या बाया माझ्याकडे तासभर डोकं धुऊन घेत बसायच्या. शिंपीणबाई म्हणाल्या, मी हल्ली घरीच करते. त्यांची नखं मला दिसत होती ना. कोंबडीने उकरल्यासारखी.

आणि घरी? ते सांगावं की नाही हा विचार मी काल रंग चढेपर्यंत करत होते. सांगते. आमचे हे, म्हणजे चिमणीचे सख्खे मोठे भाऊ, घड्याळं दुरुस्त करतात. शांत माणूस. लग्न झाल्यापासून त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. त्या आठवड्यात जेवताना त्यांनी चिमणीला एकच विचारलं, "खरं सांग, एकदाच विचारतो." तिने ताट बाजूला सारलं आणि उठून गेली. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही आणि तिने काही सांगितलं नाही. एका घरात राहतात, एका भांड्यातला चहा पितात आणि बोलणं सगळं माझ्या मार्फत. "वहिनी, दादाला सांग पाणी तापलंय." "अगं, तिला विचार माझी चष्म्याची पेटी कुठे आहे." मी काय पोस्टमन आहे का?

आमचे हे तिकडे तिसऱ्या रांगेत, कडेला बसले आहेत. मान खाली घालू नका. तुमचा विषय शेवटी आहे.

आता मजेचा भाग येतो, आणि तो सांगताना मला अजून धाप लागते.

आमच्या कार्डाच्या मशीनवर, डाव्या खांद्यावर, डाळिंबी नेलपॉलिशचा एक डाग होता. फार जुना. चोरीच्या कितीतरी आधीचा. कोणी सांडलं ते कोणी कबूल केलं नाही. मी रिमूव्हर लावून घासलं, तेव्हा वरचा रंग निघाला पण प्लॅस्टिकमध्ये लाली शिरली ती शिरली. मग माझं त्या डागाकडे लक्षच जाईनासं झालं. रोज बघितलेली वस्तू कोण बघतं? नवऱ्याची मिशी बघतो का आपण? काढली तरी दोन दिवस कळत नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी बाईसाहेब केस रंगवायला आल्या. रंग धुऊन झाला, टॉवेल डोक्याला गुंडाळला, पैसे द्यायला काउंटरशी आल्या आणि मशीनकडे बघत थबकल्या. म्हणाल्या, "अगं, परत गेला वाटतं तो डाग."

मी म्हटलं, कुठला डाग? त्या म्हणाल्या, काही नाही, काही नाही. मी वाकून बघते तर खरंच, मशीनचा डावा खांदा स्वच्छ. नव्या नवरीसारखा. ठीक आहे, डाग गेला, पुसला असेल कोणी. पण बाईसाहेबांचा एक शब्द माझ्या डोक्यात पिनेसारखा अडकला. परत. डाग परत गेला म्हणजे काय? डाग एकदा जातो. परत जायला तो मधे परत आला पाहिजे.

मी सोडते का? मी म्हटलं, बाईसाहेब, परत म्हणजे? त्यांच्या कानामागून टॉवेलचं पाणी ओघळत होतं आणि त्या लाजल्या होत्या. शेवटी बोलल्या. तो डाग त्यांचाच. चिमणी नंबर दाबत असताना यांचा ओला अंगठा मशीनला लागला होता. मॅनेजरची बायको आणि बँकेच्या मशीनला डाग, म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. पण मनात खात राहिलं, म्हणून आल्या की आधी त्यांची नजर तिथे जायची. मग मागच्या थंडीत, बायकांचे पैसे गेले त्याच्या थोडं आधी, एकदा बघितलं तर डाग नाही. त्यांना हायसं वाटलं, म्हटलं पुसला पोरीने. पुढच्या खेपेला बघतात तर डाग जागच्या जागी. आणि आज पुन्हा नाही.

बायांनो, तुम्हीच सांगा. नेलपॉलिशचा डाग जातो, येतो, जातो. डाग आहे की पाहुणा?

मी नखांची कानस घेतली. मशीनच्या कडेला, जिथे जोड दिसतो तिथे, कानशीचं टोक घातलं आणि जरा उचकटलं. आणि मशीनचं सगळं तोंड माझ्या हातात आलं. आकड्यांच्या बटणांसकट. उशीची खोळ निघावी तसं. खाली आमचं खरं मशीन, खरी बटणं, आणि डाव्या खांद्यावर डाळिंबी डाग, जसाच्या तसा, माझ्याकडे बघत.

त्या क्षणी माझ्या पार्लरमध्ये काय झालं ते शब्दात सांगता येत नाही. शिंपीणबाईंची एक भुवई झाली होती आणि एक राहिली होती, त्या तशाच उठल्या. ड्रायरखालची बाई, तिला काही ऐकू गेलं नव्हतं तरी, सगळ्या ओरडतात म्हणून ओरडली. बाईसाहेब मटकन खाली बसल्या, कुठे बसल्या तर चिमणीच्या खुर्चीत. कित्येक महिन्यांनी त्या खुर्चीत कोणी बसलं.

मी फौजदार बाईंना फोन लावला. त्या महिन्यातून एकदा केस कापायला येतात, म्हणून नंबर होता. त्या साध्या कपड्यात आल्या, खोळ उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, ही जशी होती तशी बसवा. यात सगळं जमा होतं, ते न्यायला ते येणारच. तोवर एकाही बाईचं कार्ड घ्यायचं नाही, मशीन बिघडलं म्हणायचं. आणि स्वतः रोज येऊन ड्रायरखाली बसायला लागल्या, डोक्याला गुंडाळ्या लावून. हातात मासिक उलटं. मी म्हटलं, मासिक तरी सुलटं धरा.

मग आलं ते जोडपं. नीटनेटकं, गोड बोलणारं. तिला केस धुवायचे होते. तिला बघितल्याबरोबर मला आठवलं, ही आधी येऊन गेली आहे, आणि दर वेळी हिच्या नवऱ्याला वरच्या फळीवरचीच तेलाची बाटली हवी असते. बाटली काढायला स्टुलावर चढायचं तर काउंटरकडे पाठ करावी लागते. चिमणीनेही पाठ केली असणार. पाठ करणं हा काय गुन्हा आहे?

मी तिला बेसिनच्या खुर्चीत आडवं केलं, डोकं मागे, भरपूर फेस. मग म्हटलं, आलेच हं, तुमच्या ह्यांची बाटली देते. स्टुलावर चढले आणि पाठ केली. पण तो शहाणा एक गोष्ट विसरला. पार्लर आहे ते. तिथे पाठ केली तरी तोंड आरशाकडेच असतं.

आरशात मी बघितलं. त्याचा हात मशीनवर गेला आणि डब्याचं झाकण काढावं इतक्या सहज त्याने खोळ काढली, पिशवीत टाकली. फौजदार बाई गुंडाळ्यांसकट उठल्या. तो दाराकडे धावला आणि दार बाहेर ढकलायला लागला. आमचं दार आत उघडतं. शिंपीणबाई तोवर दाराला पाठ लावून उभ्या. दुसरी भुवई करून घ्यायला आल्या होत्या. त्यांना बाजूला सारायला क्रेन लागली असती. आणि ती, बेसिनमधली? ती उठायला लागली तेव्हा मी म्हटलं, "डोळे उघडू नका हं, झोंबेल." आणि तिने उघडले नाहीत. गाडी येईपर्यंत डोळे मिटून बसली होती बिचारी.

टाळ्या नंतर वाजवा. आधी हे नीट ऐका, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना अजून वाटतं की चोराला नंबर कोणीतरी सांगावा लागतो. फौजदार बाईंनी मला दाखवलं ते मी तुम्हाला दाखवते. हे कार्ड. मागे ही काळी पट्टी. कार्डाची सगळी ओळख या पट्टीत असते. खोळीमध्ये एक बारीकसं वाचायचं यंत्र. तुम्ही कार्ड घासलं की खरं मशीनही वाचतं आणि खोळही वाचते. पावती येते, तुम्ही खूश, तोही खूश. आणि खोळीची बटणं दाबली की खालची खरी बटणं दाबली जातात. वाटेत खोळ नंबर लक्षात ठेवते. पुढे त्या पट्टीची नक्कल दुसऱ्या कार्डावर उतरवायची आणि लांबच्या गावी जाऊन पैसे काढायचे. म्हणजे आमच्या बायका ओरडून नंबर सांगत होत्या त्याची चोराला गरजच नव्हती. त्या मुक्या असत्या तरी पैसे जाणारच होते. स्वतःच्या बोटाने दाबला असता तरी जाणारच होते.

रस्त्यावरच्या पैशांच्या मशीनचंही तेच. तिथे कार्ड घालायच्या फटीवर खोटं तोंड बसवतात, आणि बटणांच्या वर एखादी पट्टी, तिच्यात टाचणीच्या टोकाएवढा कॅमेरा. म्हणून कार्ड घालण्याआधी ते तोंड धरून हलवून बघा. माझ्या हातातला हा कंगवा म्हणजे ते तोंड समजा. खरं असेल तर हलणार नाही, खोटं असेल तर दातासारखं हलेल. नंबर दाबताना दुसरा हात वर धरा, असा, दिव्याला वाऱ्यापासून आडोसा करतो तसा. काळ्या पट्टीपेक्षा ही पुढची सोनेरी चौकोनी चिप बरी, तिची नक्कल सहजी होत नाही, म्हणून घासण्यापेक्षा खोचा. आणि दुकानदारांनो, तुमच्या मशीनवर स्वतःची एक खूण ठेवा. रोज सकाळी खूण बघा. माझी खूण बाईसाहेबांनी फुकटात करून दिली.

साहेब, तुमचं वाक्य खोटं नाही. यंत्र खोटं बोलत नाही. पण यंत्रच खोटं असलं तर?

हे सगळं झाल्यावर मी बँकेत गेले. इतकी आनंदात होते की चपला वेगवेगळ्या घालून गेले. म्हटलं, साहेब, सापडले, आता दारावरची सूचना काढा. साहेबांनी चहा मागवला. साहेब माणूस म्हणून चांगलेच आहेत, ते मी आजही म्हणते. पण म्हणाले, हे आत्ताचं प्रकरण आहे. ते दोघं फक्त आत्ताचं कबूल करतात. मागच्या थंडीतल्या प्रकरणाची फाइल वरून बंद झाली आहे. तेव्हाही मशीनवर खोळ होती याला पुरावा काय? मी म्हटलं, तेव्हाही डाग गेला होता. डाग खोळीखाली झाकला होता, म्हणून गेला होता. बघणारं माणूस तुमच्याच घरात आहे. साहेब हसले. म्हणाले, "बाई, डागावर बँक चालत नाही."

डागावर बँक चालत नाही. बरं. मग डागावर बदनामी कशी चालते?

एका मशीनचा डाग झाकला गेला आणि तो या पोरीच्या नावावर उमटला. मशीनचा डाग मी कानशीने उघडा केला. हिच्या नावावरचा मी कशाने काढू? रिमूव्हर लावू?

बाईसाहेब, तुम्हाला अडचणीत टाकायची माझी इच्छा नाही. तुम्ही नसता तर मी अजून ते मशीन पुसत बसले असते. तुम्ही घरी सांगितलंत हेही मला माहीत आहे. आज मी तुम्हाला काही विचारणार नव्हते, कागदावरही तसं लिहिलेलं नाही. पण तुम्ही उठलात. काय म्हणालात? माइकजवळ या ना. काका, तो माइक जरा खाली करा, त्यांची उंची बघा.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल तर मी पुन्हा सांगते. बाईसाहेब म्हणाल्या, "दोन्ही वेळा गेला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

आता वाजवा टाळ्या.

बसा बाईसाहेब, पाणी घ्या. आमची आजी दागिन्याला डाग म्हणायची. पेटीतले डाग काढ, घाल, असं. लहानपणी मला कळायचं नाही की एकच शब्द दोन्हीला कसा. आज कळलं. मशीनवरचा तो डाग मी आता कोणाला पुसू देणार नाही. आणि ही बाटली, तीच डाळिंबी, तळाला थोडी उरली आहे, ती पार्लरतर्फे तुम्हाला भेट.

साहेब, तुमच्या सत्कारात मी ठिणगी टाकली असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही आम्हाला मशीन शिकवलंत, सही करायला शिकवलंत, बँकेच्या दारातून ताठ मानेने आत यायला शिकवलंत. तेच वापरते आहे. तुम्ही निवृत्त होऊन मुलीकडे राहायला जाणार, बागेत खुर्ची टाकून बसणार. सुखाने बसा. पण ती सूचना इथेच राहील, आणि खाली सही तुमची. नव्या मॅडम ती काढायच्या नाहीत, त्यांना काय ठाऊक. मग ती उन्हाने पिवळी पडून आपोआप गळेपर्यंत हिने खांबामागे बसायचं?

व्यासपीठावर बोलायला दिलंत म्हणून अध्यक्षांचे आभार. चिटणीसांनी मघापासून चार वेळा घड्याळ दाखवलं, त्यांचेही आभार, ते घड्याळ आमच्या ह्यांनीच दुरुस्त केलेलं आहे. फौजदार बाईंचे, शिंपीणबाईंचे आणि त्यांच्या दुसऱ्या भुवईचे आभार. बोलण्यात कुठे जास्त कातरलं गेलं असेल तर पदरात घ्या. कातरलेले केस वाढतात, बोललेलं मात्र परत चिकटवता येत नाही, म्हणून माफीच मागते.

आणि आता त्या खांबाच्या प्रश्नाचं उत्तर. शनिवार हा साहेबांचा शेवटचा दिवस. शनिवारी बँकेचं शटर खाली यायच्या आत ती सूचना काचेवरून निघाली पाहिजे, आणि तिच्या जागी तुमच्याच सहीचा दुसरा कागद लागला पाहिजे, की मागच्या थंडीत पार्लरच्या कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. वरून परवानगी लागते म्हणाल तर पहिली चिकटवताना लागली होती का? ते झालं की तुम्ही माझ्या पार्लरमध्ये यायचं, पूर्वी आला होतात तसं, आणि काचेजवळच्या चिमणीच्या खुर्चीत बसून तिच्याकडून नखं नीट करून घ्यायची, रस्त्याला दिसेल असं. पैसे कार्डाने द्या. नंबर स्वतः दाबा, हात आडवा धरून.

आणि तिसऱ्या रांगेत, कडेला बसलेत ते. तुम्हालाही मुदत शनिवारचीच. त्या दिवसानंतर मी या घरात एकाचा निरोप दुसऱ्याला सांगणार नाही. बहिणीला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही, तिच्या तोंडावर म्हणा.